न विचारता घेतलेले चेहरे

काही वर्षांपूर्वी एक हिवाळा मी इंग्लंडातील बोल्टन या गावी काढला. मुलगी आणि जावई तेथे नोकरीला. सकाळी दोघे घराबाहेर पडली की घर मला आणि मी घराला. बाहेर पाऊस असे. तिकडचा पाऊस आपल्या पावसासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर नुसता रेंगाळतो. अशा दिवसांत मी गावातील वस्तुसंग्रहालयात जाऊन बसू लागलो. आत ऊब होती, बसायला बाक होते आणि प्रवेशाला पैसे पडत नव्हते. निवृत्त शिक्षकाला याहून अधिक काय हवे असते?

तेथेच मला जुन्या बोल्टनची छायाचित्रे भेटली. १९३७ आणि १९३८ या दोन सालांतली. गिरण्यांची धुराडी, विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा, गुत्त्यात पेला पुढे ठेवून बसलेले म्हातारे, रस्त्यात खेळणारी पोरे, दोऱ्यांवर फडफडणारे धुणे. हे गाव कापसाचे. सूत कातण्याचे ‘म्यूल’ यंत्र १७७९ साली ज्याने सिद्ध केले तो सॅम्युअल क्रॉम्प्टन इथलाच. लँकेशायरच्या ज्या कापडाची होळी आपल्या आजोबा-पणजोबांनी केली, ते घडवणारी माणसे कशी होती हे मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. खरे सांगायचे तर, तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवताना ‘लँकेशायर’ या शब्दामागे माणसे असतील हे माझ्या कधी मनातच आले नव्हते.

एके दिवशी माझ्या शेजारी एक वृद्ध बाई येऊन उभी राहिली. धुण्याच्या दोऱ्यांच्या एका चित्रापाशी ती पुष्कळ वेळ थांबली. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “सोमवार आहे हा. धुणं सोमवारीच असायचं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “ही कोपऱ्यातली बाई माझी आई असेल. नसेलही. पण अशीच होती ती.”

काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, “मग तुम्हाला फार आनंद झाला असेल.”

तिने क्षणभर विचार केला. “झाला ना. पण कुणी फोटो काढतंय हे तिला कळलं असतं, तर तिनं आधी ऍप्रन काढून ठेवला असता.”

एवढे बोलून ती निघून गेली. तिच्या त्या वाक्याने माझा त्या चित्रांपुढचा निवांतपणा मात्र गेला, तो आजतागायत परत आलेला नाही. त्या वाक्यात तक्रार नव्हती. पण एक प्रश्न होता. ज्या माणसांना कोणी विचारले नाही, त्यांचे चेहरे आज आपण इतक्या कौतुकाने पाहतो. हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ही छायाचित्रे कशी घेतली गेली ते सांगितले पाहिजे. १९३७ साली टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज या तिघांनी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ नावाचा उपक्रम सुरू केला. सामान्य इंग्रज माणूस खरोखर कसा जगतो, काय बोलतो, कशावर हसतो, याच्या बारीक नोंदी करायच्या, हा त्याचा उद्देश. हॅरिसन हा दक्षिण पॅसिफिकमधील न्यू हेब्रिडीज बेटांवर राहून तेथील लोकांचा अभ्यास करून आलेला गृहस्थ. दूरच्या बेटांवरील माणसांकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने आपल्याच देशातील गिरणीकामगारांकडे का पाहू नये, असे त्याच्या मनाने घेतले. बोल्टनमध्ये त्याने एक घर भाड्याने घेतले आणि आपल्या नोंदींत या गावाला ‘वर्कटाउन’ असे नाव दिले. छायाचित्रे घ्यायला हम्फ्री स्पेंडर आला. कवी स्टीफन स्पेंडर याचा हा भाऊ. लायका जातीचा लहानसा कॅमेरा कोटाखाली दडवून तो गल्लीबोळांतून, गुत्त्यांतून, देवळांतून हिंडे आणि कोणाला पत्ता लागू न देता कळ दाबी.

स्पेंडर निर्ढावलेला माणूस नव्हता. तो सुखवस्तू घरातला, दक्षिणेकडचा. या माणसांची बोलीदेखील त्याला परकी. आपण आगंतुक आहोत, कोणी पकडील, ही भीती आणि हा संकोच त्याच्या मनात सतत असे, हे त्यानेच पुढे सांगितले आहे. नंतरच्या आयुष्यात छायाचित्रण मागे टाकून तो कापडावरील नक्षीकामाकडे वळला. बोल्टनची त्याची चित्रे पुस्तकरूपाने लोकांपुढे यायला १९८२ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्यांचे चेहरे त्यांत होते, त्यांतले कितीतरी लोक तोवर आपला चेहरा कोणी नेला हे न कळताच निघून गेले असतील.

स्पेंडर हा यातला पहिला नव्हे. त्याच्या आधी चाळीस-पन्नास वर्षे मँचेस्टर-सॅलफर्डच्या गरीब वस्त्यांत सॅम्युअल कूल्टहर्स्ट हा हौशी छायाचित्रकार चिंध्या-भंगार गोळा करणाऱ्याचा वेष घेऊन हिंडला. लंडनमध्ये पॉल मार्टिन हा १८९० नंतरच्या काळात गाठोड्यासारखा दिसणारा कॅमेरा काखेत धरून बाजारांत फिरे. १८७७ च्या सुमारास जॉन टॉमसन याने ॲडॉल्फ स्मिथ याच्या लेखांसह लंडनच्या रस्त्यावरील माणसांची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत पायऱ्यांवर भिंतीला टेकून बसलेल्या एका गलितगात्र बाईचे चित्र आहे. तिच्या मांडीवर मूल आहे. पाहणाऱ्याला वाटते, मूल तिचेच. सोबतचा मजकूर वाचला म्हणजे कळते की ते दुसऱ्या एका कष्टकरी बाईचे. ती कामावर जाते तेवढा वेळ ही ते सांभाळते, आणि त्याबद्दल तिला चहा आणि पाव मिळतो. चित्राने आपल्याला तिची दैना सांगितली. तिचा उद्योग मजकुराने सांगितला. मजकूर हरवला असता तर ती बाई कायमची केवळ दीन राहिली असती.

या मंडळींच्या बाजूने एक मोठा युक्तिवाद आहे, आणि तो मला कमी लेखायचा नाही. इमारतींचे तसे नसते. १८७५ साली लंडनमधील ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ ही जुनी सराई पाडण्याचे घाटत होते, तेव्हा काही लोकांनी एक संस्था काढून तिची छायाचित्रे घेववली, आणि १८८६ पर्यंत अशा जुन्या वास्तूंची १२० चित्रे सिद्ध केली. सराईला विचारण्याची गरज नव्हती. ती हलत नाही, लाजत नाही, केस सारखे करीत नाही. माणूस मात्र कॅमेरा दिसताच दुसरा होतो. मान ताठ करतो, ओठ मिटतो, मुलाच्या पाठीत धपाटा घालून त्याला सरळ उभा करतो. विचारून घेतलेल्या चित्रात आपल्याला माणूस मिळतो तो असा, मिटलेला. खरा माणूस हवा असेल तर तो चोरूनच घ्यावा लागतो.

दुसरीही एक गोष्ट आहे. सरदार-उमरावांनी चित्रकारांपुढे बसून आपली तैलचित्रे काढवून घेतली. ती आज मोठमोठ्या वाड्यांतून लटकत आहेत. गिरणीत सूत ओढणाऱ्या बाईला तिच्या रोजच्या कामात कोण चितारणार होते? न विचारता कोणी तिचा चेहरा नेला नसता, तर धुण्याच्या दोऱ्यांखालची ती बाई आज कोठेच नसती. मग ‘ही चित्रे जाळून टाका’ असे म्हणणे म्हणजे तिच्यावर दुसरा अन्याय करणे होय.

हे सर्व मला मान्य आहे. तरीही त्या वृद्धेचा ऍप्रन माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

कारण छायाचित्राने काय नेले जाते, हे आपण नीट पाहत नाही. कोणाच्या घरातील भांडे गेले नाही, अंगावरील वस्त्र गेले नाही; मग चोरी कसली, असे विचारले जाते. आपल्याकडे दारात परका माणूस उभा राहिला की बाई कितीही कामात असो, हात आपोआप पदराकडे जातो. पदर फाटका असेल, घरात बसायला द्यायला पाट नसेल. पण परक्यापुढे कसे यायचे, हे ठरवण्याचा हक्क तिचा असतो. गरिबाजवळ जे थोडे मालकीचे असते त्यात हा हक्क मोठा आहे. बोल्टनची बाई ऍप्रन काढून ठेवते, आपली बाई पदर सावरते, दोन्ही एकच. कोटाखालचा कॅमेरा नेतो ते हे.

आणि माणूस नकळत टिपला तरच खरा, हे तरी कितपत खरे? ती बाई धुण्याच्या गडबडीत कशी दिसत होती, हे एक सत्य. चार लोकांनी आपल्याला कसे पाहावे अशी तिची इच्छा होती, हेही तिच्याविषयीचे सत्यच. पहिले डोळ्यांना दिसते, दुसरे तिने सांगितल्यावाचून कळत नाही. ज्याला पहिलेच काय ते खरे वाटते, त्याने माणसाला सराईच्या रांगेत बसवले असे मी म्हणेन.

ही नजर आपल्या ओळखीची आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारच्या आश्रयाने ‘पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड निघाले. त्यांत आपल्या देशातील माणसांची शेकडो छायाचित्रे आहेत, आणि बहुतेकांच्या खाली माणसाचे नाव नाही. जात किंवा जमात आहे. त्याआधी मुंबईत विल्यम जॉन्सन याने येथील जातीजमातींच्या चित्रांचे दोन भाग काढले होते. त्यांत माणसांची चित्रे एकीकडे घेऊन मागे देखावा भलतीकडचा जोडलेला आहे. ते खंड पाहून मला राग येत असे. आमच्या माणसांना यांनी नमुने केले, असे मी वर्गात तावातावाने सांगत असे. बोल्टनमध्ये कळले की इंग्रजाने आपल्याच गरिबालाही नमुनाच केले होते. आणि हेही कळले की इतके दिवस मी त्या चित्रांपुढे बसून ‘वा! काय जुना काळ!’ असे मनात म्हणत होतो, तेव्हा मीही तेच करीत होतो.

लीड्स शहराचे उदाहरण याहून बोचरे आहे. तेथील क्वॉरी हिल भागातील दाट, कोंदट वस्तीची छायाचित्रे १९०१ च्या सुमारास घेतली गेली ती कौतुकासाठी नव्हे. ही वस्ती राहण्यास अयोग्य आहे, ती पाडण्याची परवानगी मिळावी, यासाठी पुरावा म्हणून. दाराशी, अंगणात माणसे उभी आहेत, मुले कॅमेऱ्याकडे टकमक पाहत आहेत. आपण ज्या कागदासाठी उभे आहोत तो आपल्याच घराविरुद्धचा दाखला आहे, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल? घरे वाईट होती यात शंका नाही. ती गेली, त्या जागी १९३० नंतरच्या दशकात मोठ्या नामांकित इमारती उभ्या राहिल्या, आणि १९७८ पर्यंत त्याही पाडून टाकल्या गेल्या. राहिली ती छायाचित्रे. पाडण्यासाठी घेतलेलीच आज त्या वस्तीची एकमेव शिल्लक आहेत, आणि लोक त्यांत आपल्या पणजीचे दार शोधतात.

या सगळ्याला अपवाद नाहीत असे नव्हे. व्हिटबी या समुद्रकाठच्या गावात फ्रँक मेडो सटक्लिफ हा छायाचित्रकार जवळजवळ जन्मभर राहिला. १९४१ साली तो वारला. त्याने कोळ्यांची, जाळी विणणाऱ्या बायांची, बंदरावरच्या पोरांची चित्रे घेतली. त्याचा कॅमेरा बोजड लाकडी, काचा संथ; लपवायची सोयच नव्हती. माणसांना ‘जरा थांबा’ असे म्हणावे लागे, आणि ती थांबत. ‘वॉटर रॅट्स’ हे पाण्यात उघडी खेळणाऱ्या मुलांचे त्याचे १८८६ मधील चित्र गाजले, त्यावर तेथील धर्मगुरूंचा रोषही झाला. तरी त्याच्या चित्रांतील माणसे मिटलेली वाटत नाहीत. कारण साधे आहे. तो त्याच गावचा होता. उद्या सकाळी त्याच रस्त्यावर त्यांना तोंड दाखवायचे होते. म्हणजे विचारल्याने माणूस मिटतो हे खरे नाही. परक्याने विचारले की मिटतो. परकेपणा घालवायला वर्षे लागतात, आणि कॅमेरा कोटाखाली लपवायला एक क्षण. चोरी सत्यासाठी होते असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती वेळ वाचवण्यासाठी होते.

आता मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच हिवाळ्यात गावच्या बाजाराबाहेर एका बाकावर साठीची एक बाई कागदाच्या पुड्यातले गरम बटाट्याचे काप खात बसली होती. थंडीने नाक लाल झालेले, चेहऱ्यावर ऊन पडलेले, डोळे मिटून ती घास चावत होती. इतके समाधान मी क्वचितच पाहिले असेल. मी खिशातून फोन काढला आणि चित्र घेतले. तिने डोळे उघडले.

“अरे लव्ह,” ती म्हणाली. तिकडच्या बाया परक्यालाही ‘लव्ह’ म्हणतात. आपल्या भाजीवाल्या ‘दादा’ म्हणतात तसेच ते. “मी नाही म्हटलं नसतं रे. पण विचारायचं तरी.”

मी ओशाळलो. ते चित्र तिच्यासमोर पुसून टाकले आणि, उशिरा का होईना, विचारले. तिने पुडा बाजूला ठेवला, ओठ पुसले, टोपी नीट केली आणि पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली. दुसरे चित्र मी घेतले. ते चित्र म्हणून अगदी सामान्य आहे. पारपत्राला लावतात तसा चेहरा. पहिल्यातले ऊन, ती तृप्ती, काहीही त्यात नाही. माझी खात्री आहे की पुसलेले चित्र पन्नास वर्षांनी एखाद्या संग्रहालयात लागण्याजोगे होते. त्या वेळी मला हळहळ वाटली, आणि ती हळहळ वाटली याचीच आज लाज वाटते.

मग जी चित्रे घेतली गेली त्यांचे काय? नातवंडांचा आनंद ही आजीची संमती होत नाही. त्या आनंदाने मूळची चूक पुसली जाते असे मला वाटत नाही. पण चूक पुसली गेली नाही म्हणून ती चित्रे टाकूनही देता येत नाहीत. आपल्याकडे ऋण नावाची एक कल्पना आहे. पितृऋण ज्यांचे असते त्यांना ते परत करता येत नाही. ती माणसे गेलेली असतात. ते पुढच्यांकडे फेडावे लागते. या चेहऱ्यांचे ऋण तसेच आहे. घेणारा गेला, ज्यांचे घेतले ती गेली, आणि ऋण पाहणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या, डोक्यावर आले.

ते फेडायचे कसे, याचे उत्तर मला अर्धेच सापडले आहे. चित्र ज्या गावचे त्या गावात ते परत यावे, म्हणजे कोणीतरी त्यापुढे उभे राहून ‘हा सोमवार आहे’ असे सांगू शकेल. स्पेंडरची चित्रे बोल्टनला आहेत, ही म्हणूनच मोठी गोष्ट. जेथे नाव लावता येईल तेथे नाव लावावे. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले, तेव्हाचे गिरणीतल्या बायांच्या घोळक्यातले त्यांचे हसरे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या बहिष्काराची झळ ज्यांच्या रोजगाराला लागली, त्याच या बाया हात उंचावून त्यांचे स्वागत करीत आहेत. मी ते चित्र वर्षानुवर्षे वर्गात दाखवले. या बाया कोण, असे एकाही मुलाने विचारले नाही, आणि मीही विचारले नाही. आता ते चित्र पाहिले की माझी नजर आधी त्यांच्याकडे जाते. आणि शेवटी, जिवंत माणसांना विचारावे. मेलेल्यांचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

हे लिहून मी लेखणी खाली ठेवणार होतो, तेवढ्यात एक गोष्ट ध्यानात आली. संग्रहालयातील त्या वृद्धेला मी तिचे नाव विचारले नव्हते. तिने आपल्या आईविषयी एक वाक्य एका परक्याला सांगितले, ते काही दिवाळी अंकात छापण्यासाठी नव्हे. ते वाक्य मी कोटाखाली दडवून घरी आणले, इतकी वर्षे सांभाळले आणि आज तुमच्यापुढे मांडले. त्यावाचून हा लेख उभा राहिला नसता. तिला कळते, तर ती कदाचित ‘नाही’ म्हणाली नसती. पण ते वाक्य सांगण्याआधी तिने तिचा ऍप्रन काढून ठेवला असता की नाही, हे मला आता कधीच कळायचे नाही.